राहून गेलेलं मेडल रेकॉर्डला कसं चढवायचं : सातारा-सांगलीच्या माजी सैनिकांसाठी

डिस्चार्ज बुकात, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत, मेडलांचं एक पान असतं. ते पान आणि जुन्या फोटोतली छातीवरची फितींची रांग जुळत नाही, अशी तक्रार आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, पाटण-जावळीच्या खोऱ्यांतून आणि तिकडे शिराळा, खानापूर, आटपाडीकडून जिथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली, तिथे असं होणारच. कुणी एकाहत्तरला पूर्वेच्या सीमेवर होता, पण बुकात 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं मेडल) नाही. कुणाला सियाचीनची फीत त्या वेळी कंपनीत लावायला दिली, पण पेन्शनीला आल्यावर कागदावर तिचा पत्ताच नाही.

मग एक अर्ज लिहिला जातो, बहुतेकदा थेट राष्ट्रपती किंवा संरक्षण मंत्र्यांच्या नावाने. तो अर्ज दिल्लीत चार टेबलं फिरतो आणि शेवटी त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानाच्या सेवेचे कागद ठेवणाऱ्या कचेरीच्या) टेबलावर येतो, जिथे तो पहिल्याच दिवशी पाठवता आला असता. वर अर्जात पुरावा नसतो, म्हणून दोन ओळींचं उत्तर येतं : "नोंद आढळत नाही." माणूस तिथेच थांबतो.

हे काम तसं किचकट नाही, पण त्याला क्रम आहे. नेमकं काय राहिलंय ते ओळखायचं, हक्क तपासायचा, रेकॉर्डची प्रत मिळवायची, पुरावा जोडायचा आणि मगच अर्ज करायचा. अर्ज आधी आणि बाकीचं नंतर केलं की वर्षं जातात.

आधी ठरवा : नेमकं काय राहिलंय?

मेडल जवानापर्यंत कसं येतं ते माहीत असलं की अर्धं काम सोपं होतं. सरकार मेडलचा आदेश काढतं : कुठल्या तारखांना, कुठल्या भागात, किती दिवस सेवा केली तर ते मिळेल. त्या आदेशावरून पलटण पात्र जवानांची यादी करते. यादी तपासली जाऊन पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या सेवेतल्या नोंदींचा लेखी आदेश, निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदपत्रात, नोंद होते. धातूचं मेडल ही वेगळी गोष्ट. ते टांकसाळीत पडतं आणि मागणीप्रमाणे पुढे येतं. मधल्या काळात तयार मेडलांचा इतका तुटवडा होता की कित्येक जवानांनी कँटोन्मेंटच्या दुकानातून विकत घेऊन परेडला लावली.

म्हणून "माझं मेडल राहिलं" या एकाच वाक्याचे चार वेगळे अर्थ निघतात. एक, पार्ट टू ऑर्डरच निघाली नाही, म्हणजे शीट रोल कोरा आहे. दोन, शीट रोलला नोंद आहे, पण डिस्चार्ज बुक भरताना क्लार्कने ती उतरवली नाही. तीन, नोंद सगळीकडे आहे, धातूचं मेडलच हातात आलं नाही. चार, आलं होतं, पण हरवलं, पुरात गेलं, चोरीला गेलं.

पहिल्या प्रकारात हक्क सिद्ध करावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. दुसऱ्यात फक्त बुकात दुरुस्ती हवी, तिसऱ्यात मेडलची मागणी. चौथ्यात पोलिसांकडची नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडून बदली मेडलसाठी अर्ज करायचा, त्याचे पैसे भरावे लागतात. तिसऱ्या प्रकारच्या माणसाने पहिल्या प्रकारचा अर्ज केला तर रेकॉर्ड ऑफिस "नोंद आहे" एवढंच कळवून फाइल बंद करतं. त्यात त्यांची चूक नाही, विचारलंच तेवढं होतं.

शौर्यपदकांचं मात्र सगळंच वेगळं. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत आणि 'मेन्शन इन डिस्पॅचेस' हा सन्मानसुद्धा भारताच्या राजपत्रात जाहीर होतो. "साहेबांनी माझं नाव पाठवलं होतं" हे खरं असेलही, पण राजपत्रात नाव नसेल तर रेकॉर्ड ऑफिस ते चढवू शकत नाही आणि कुठलाही अर्ज त्याला पुरा पडत नाही. राजपत्रात नाव असून बुकात नसेल, तर राजपत्राच्या त्या पानाची प्रत लावली की काम झालं. यापुढचं सगळं मोहिमेच्या आणि सेवेच्या मेडलांविषयी आहे.

हक्क आहे का? तारीख आणि जागा

मेडल शौर्यावर नाही, तारीख आणि जागा यांवर मिळतं. कितीही जोखमीचं काम केलेलं असो, त्या तारखांना त्या आदेशातल्या भागात तुम्ही हजर होता हे कागदावर दिसलं पाहिजे.

१९६५ च्या युद्धाचं घ्या. समर सेवा स्टारसाठी ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ हा काळ आणि प्रत्यक्ष लढाईचा भाग धरला जातो. रक्षा मेडलचं क्षेत्र बरंच मोठं होतं, त्यामुळे त्या काळी नोकरीत असलेल्या पुष्कळांना ते मिळालं, सीमेपासून लांब असलेल्यांनाही. आपल्याकडचे काही बुजुर्ग या दोन्हींत गल्लत करतात. समर सेवा स्टार मागतात आणि हक्क असतो रक्षा मेडलचा.

१९७१ चंही असंच. पूर्वेच्या आघाडीवर होता त्याला पूर्वी स्टार, पश्चिमेला होता त्याला पश्चिमी स्टार. शिवाय संग्राम मेडल वेगळं, ज्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा लांब आहे. जंगी पलटण, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्री, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढली आणि ते नाव पलटणीच्या युद्धसन्मानांत आहे. त्या वेळी त्या पलटणीच्या हजेरीवर असलेल्या कराडच्या जवानाचा पूर्वी स्टार सहसा वादात सापडत नाही. अडचण होते ती त्याच दिवसांत सुट्टीवर, हॉस्पिटलात, सेंटरला किंवा दुसऱ्या युनिटला अटॅच असलेल्यांची. पलटण पात्र ठरली म्हणून तिच्यातला प्रत्येक माणूस पात्र ठरत नाही. उलटंही खरं : पलटण पात्र नव्हती, पण जवान ज्या युनिटला अटॅच होता ते पात्र होतं. राहून गेलेल्या मेडलांतली मोठी संख्या या अटॅचमेंटवाल्यांची असते. पलटणीतून राष्ट्रीय रायफल्सला गेलेले, ब्रिगेड हेडक्वार्टरला ड्यूटीवर ठेवलेले, एएससीचे (आर्मी सर्व्हिस कोअरचे) ड्रायव्हर, सिग्नलचे ऑपरेटर, मेडिकलचे नर्सिंग असिस्टंट. पलटणीला वाटतं अटॅच युनिट यादी पाठवेल, अटॅच युनिटला वाटतं मूळ पलटण पाठवेल.

कारगिलसाठीही दोन आहेत, ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. स्टार लढाईच्या क्षेत्रातल्यांना, मेडल त्याहून मोठ्या वर्तुळातल्यांना.

सैन्य सेवा मेडल आणि सामान्य सेवा मेडल यांच्यात आणखी एक बारकावा आहे. मेडल एकच असतं आणि भागाप्रमाणे त्यावर क्लॅस्प लागतात, म्हणजे नाव कोरलेल्या धातूच्या पट्ट्या. सैन्य सेवा मेडलला जम्मू-काश्मीर, हिमालय, बंगाल-आसाम असे क्लॅस्प आहेत. पहिल्या वेळी मेडल आणि क्लॅस्प दोन्ही मिळतं, पुढच्या भागात सेवा झाली की फक्त क्लॅस्प. तेव्हा अर्जात "मेडल राहिलं" की "अमुक क्लॅस्प राहिला" हे नीट लिहा.

उच्च तुंगता मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल यांत उंची आणि दिवसांचा हिशोब येतो. घाव मेडल, म्हणजे आताचं पराक्रम पदक, हवं असेल तर जखम शत्रूच्या थेट कारवाईत झालेली असावी लागते आणि तेव्हाची 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंद लागते. गाडी उलटून झालेली जखम कितीही मोठी असली तरी तिथे बसत नाही, आणि यावरून फार कटुता होते. ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवा मेडलांना फक्त सेवेचा हिशोब लागतो. १९७२, १९९७ आणि २०२२ ची स्वातंत्र्याच्या २५, ५० आणि ७५ वर्षांची मेडलं त्या वेळी नोकरीत असलेल्यांची. ही राहिली असतील तर तो बहुतेक लिहिणाऱ्याचा कंटाळा असतो आणि दुरुस्तही लवकर होतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, कारण काही एजंट वेगळंच सांगत फिरतात. मोहिमेच्या किंवा दीर्घ सेवेच्या मेडलने पेन्शन वाढत नाही. "एवढे पैसे द्या, मेडल चढवून एरियर्स काढून देतो" असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. पैशाचे लाभ शौर्यपदकांना असतात, आणि त्यांचा रस्ता वर सांगितला.

कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं

जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांचे कागद त्यांच्या रेजिमेंट किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. आपल्या भागातल्या मोठ्या संख्येचे कागद बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड्समध्ये. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. तोफखान्याचे नाशिकरोड कॅम्पला. बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. आर्मर्ड कोअर आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती कोअरचे) सिकंदराबादला, मेडिकल कोअरचे लखनौला. हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्यूरो ऑफ सेलर्स. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीला सेना मुख्यालयात.

पलटणीतून पेन्शन घेऊन डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केलेल्यांनी लक्ष द्यावं. तुमचे आर्मी नंबर दोन आणि रेकॉर्ड ऑफिसंही दोन, त्यातलं डीएससीचं केरळात कन्नूरला. पहिल्या सेवेतलं मेडल मागतानाही अर्जाची प्रत कन्नूरला टाका, दोन्ही नंबर लिहा. सेवा जोडताना जुने कागद कधी कधी तिकडे मागवलेले असतात.

शीट रोलची प्रत : इथूनच सुरुवात

पहिला अर्ज मेडलसाठी करायचा नाही. पहिला अर्ज माहितीसाठी करायचा.

माहिती अधिकार कायदा २००५ खाली स्वतःच्या सेवेची कागदपत्रं मागता येतात. फी १० रुपये, पोस्टाने पाठवत असाल तर पोस्टल ऑर्डर लावा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये नंतर कळवतात. उत्तराची मुदत ३० दिवस. ऑनलाइन करायचं तर केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर सैन्यासाठी अर्ज करता येतो. इथे पोरं नेहमी गफलत करतात : महाराष्ट्र शासनाचं पोर्टल वेगळं आहे आणि तिथे केलेला अर्ज सैन्याच्या कामाचा नाही.

अर्जात मागायचं ते असं : आर्मी नंबर अमुक, माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, माझ्या नावे नोंदलेल्या सर्व मेडल आणि क्लॅस्पची यादी, प्रत्येकाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, आणि त्यांतली कुठली मेडलं प्रत्यक्ष दिली गेली, कधी आणि कशी पाठवली. शेवटच्या प्रश्नावरूनच कळतं की तुम्ही वरच्या चारांपैकी कुठल्या प्रकारात आहात. कधी असंही निघतं की मेडल पलटणीच्या पत्त्यावर गेलं आणि तोवर जवान पेन्शनीला आला होता.

याच अर्जात "मला मेडल का दिलं नाही, ते द्यावं" असं लिहू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, न्याय मिळत नाही. "का" विचारलं की "ही माहिती नाही" म्हणून टोलवायला त्यांना कारण मिळतं.

शीट रोल आला की भिंग घेऊन बसा. पोस्टिंगच्या नोंदी, अटॅचमेंट, सुट्ट्या, हॉस्पिटल, कोर्स, सगळं त्यात असतं, आखूड शब्दांत आणि घाईच्या अक्षरात. गावातला एखादा क्लार्क ट्रेडचा माजी सुभेदार शेजारी बसवलात तर तासाभराचं काम. त्या तारखांना तुमचं नाव कुठल्या युनिटवर होतं ते वेगळ्या कागदावर लिहून काढा. पुष्कळदा हक्काचा पुरावा शीट रोलमध्येच असतो, फक्त त्याच्यावरून मेडलची नोंद घ्यायची राहून गेलेली असते.

पासष्ट-एकाहत्तरच्या पिढीतल्या काहींना एक कडू गोष्ट ऐकावी लागते. पेन्शन न मिळता घरी आलेल्यांचा शीट रोल नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात. मग उरतो तो लाँग रोल, जो कायम ठेवला जातो, पण त्यात माहिती मोजकी असते. अशा वेळी माहिती अधिकारात लाँग रोलचा उतारा मागा, आणि घरातल्या कागदांवर जास्त जोर द्या.

घरातल्या ट्रंकेत काय शोधायचं

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र हे तर हवंच. पण फरक पडतो तो किरकोळ वाटणाऱ्या कागदांनी. मूव्हमेंट ऑर्डर, लीव्ह सर्टिफिकेट, जुनं पे बुक, फील्ड हॉस्पिटलची चिठ्ठी, कोर्सचा दाखला. तारीख, युनिट आणि शिक्का या तिन्ही गोष्टी असलेला कुठलाही कागद फेकू नका.

घरी लिहिलेली पत्रंसुद्धा. आईने किंवा बायकोने जपलेली इनलँड लेटर्स आपल्या घरांत अजून सापडतात. फील्डमधून आलेल्या पत्रावर मूळ गावाचं नाव नसतं, '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं. ९९ म्हणजे पूर्वेकडचा भाग. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते. एकट्या पत्रावर मेडल मिळणार नाही, पण "मी त्या महिन्यात पूर्वेलाच होतो" या म्हणण्याला ते कागदाचा टेकू देतं. पाकिटावरची तिकिटं काढून पोरांनी संग्रहात चिकटवली असतील तर शिक्का गेला म्हणून समजा.

सगळ्यात वजनदार पुरावा सहसा दुसऱ्याच्या घरी असतो. त्याच काळात, त्याच कंपनीत असलेल्या जोडीदाराच्या रेकॉर्डला ते मेडल चढलेलं असेल, तर त्याने माहिती अधिकारात स्वतःच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मागवावी. तो क्रमांक तुमच्या अर्जात टाकला की क्लार्कला जुन्या बंडलांत नेमकं कुठे बघायचं ते कळतं. एकाच यादीत पन्नास नावं असतात, आणि तुमचं नाव त्याच यादीत असून फक्त शीट रोलला उतरायचं राहिलंय असं निघालं तर हक्काचा वादच मिटला. अटॅच असताना यादी वेगळी गेली असेल, तर तिथल्या जोडीदाराचा शोध घ्या. माजी सैनिकांच्या मेळाव्यांना आणि पलटणीच्या रेझिंग डेला जायचं हे एक चांगलं कारण.

जोडीदारांची प्रतिज्ञापत्रं आणि ग्रुप फोटो जरूर लावा, पण त्यांच्यावर विसंबू नका. ऑफिसच्या लेखी ही मदतीची कागदं, मुख्य पुरावा नव्हे.

सांगलीकरांचं दुखणं वेगळं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या घरांतून कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेले. डिस्चार्ज बुक गेलं असेल तर पोलिसांकडे नोंद करा, प्रतिज्ञापत्र करा आणि रेकॉर्ड ऑफिसकडे बदली प्रमाणपत्र मागा. मूळ बुकासारखं दुसरं बुक मिळत नाही, त्याच्या जागी प्रमाणपत्र मिळतं. भिजलेलं पण हातात असलेलं बुक सावलीत वाळवा, पानं एकेक सुटी करा आणि लॅमिनेशन मुळीच करू नका. त्या पानावर पुढे नोंद आणि शिक्का मारायचा असतो, प्लॅस्टिकवर तो कसा मारणार?

नावाचा गोंधळही आधीच निपटा. सैन्यात नुसतं 'तुकाराम शिंदे', आधारवर 'तुकाराम गणपत शिंदे', पॅनवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मतारीख तर अर्ध्या गावाची १ जून. मेडलच्या अर्जात या दुरुस्त्या घुसडू नका, दोन्ही कामं एकमेकांत अडकतात. आर्मी नंबर जुळतो आहे आणि अर्जदार तोच इसम आहे असं प्रतिज्ञापत्र तेवढं जोडा. रेकॉर्डमधलं नाव जसं आहे, अर्जात अक्षर न्‌ अक्षर तसंच लिहा.

अर्ज

अर्ज 'ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स' यांच्या नावे, एका पानात, हिंदीत किंवा इंग्रजीत. बेळगावला मराठी समजणारे पुष्कळ भेटतील, पण फाइल पुढे दिल्लीला जाऊ शकते. मजकूर साधारण असा असावा :

"विषय : संग्राम मेडलची नोंद घेणे व मेडल मिळणेबाबत. मी, आर्मी नंबर अमुक, हुद्दा अमुक, नाव अमुक, भरती दिनांक अमुक, सेवानिवृत्ती दिनांक अमुक. दिनांक अमुक ते अमुक मी अमुक युनिटमध्ये, अमुक युनिटला अटॅच होतो. शीट रोलच्या अमुक पानावर ही नोंद आहे. या कालावधीसाठी मी वरील मेडलला पात्र आहे. माझ्या शीट रोलमध्ये मेडलची नोंद नाही. त्याच युनिटमधील जवानांसाठी निघालेल्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख अशी आहे. कृपया पडताळणी करून पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी, शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी व मेडल द्यावे. नोंद घेता येत नसल्यास त्याचे कारण नियमासह लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे ट्रिब्युनलपर्यंत (सशस्त्र सेना न्यायाधिकरणापर्यंत) जायची वेळ आली तर त्या लेखी कारणावरच सगळी लढाई असते. एका अर्जात एकच मेडल मागावं असं माझं मत. चार मागितली आणि एक अडलं की चारही अडतात. युद्धाचं वर्णन, आपण किती सोसलं, गावात किती मान आहे, हे अर्जात नको. ते सांगायचंच असेल तर नातवंडांना सांगा, ती ऐकतील तरी.

सोबत झेरॉक्स लावा, मूळ कागद कधीही पोस्टाने पाठवू नका. प्रत्येक पानावर आर्मी नंबर लिहा. स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा.

पाठवण्याआधी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मेडल मंजूर करणं त्यांच्या हातात नाही, पण झेरॉक्स साक्षांकित करून घेता येतात आणि त्यांच्या पत्रासह अर्ज पुढे गेला की त्याला वजन येतं. मुख्य म्हणजे पुढच्या पत्रव्यवहारात एक सरकारी आवक-जावक क्रमांक तुमच्या बाजूने असतो. ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांच्यासाठी तर हाच रस्ता.

रेकॉर्ड बेळगावला असेल आणि अंगात बळ असेल तर एकदा स्वतः जाऊन या. साताऱ्याहून हायवेने कोल्हापूर-निपाणीमार्गे, नाहीतर मिरजेहून रेल्वेने. सुट्टीचा दिवस नाही ना ते पाहून, सकाळी गेटवर पोचा. ओळखपत्र, डिस्चार्ज बुक आणि अर्जाच्या दोन प्रती हव्यात, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समोरासमोर बसलं की जुनं रजिस्टर काढलं जातं, टपालाने आलेल्या अर्जाला ते भाग्य क्वचित.

वीरपत्नी आणि वारस

जवान हयात नसेल तर त्याची पत्नी अर्ज करू शकते, ती नसेल तर मुलं किंवा इतर जवळचे वारस. मृत्यू दाखला, पीपीओ, पत्नीचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडा. कुटुंबाची नोंद डिस्चार्ज बुकात असली तर तेवढं पुरतं. मुलांपैकी एकाला मेडल घ्यायचं असेल तर बाकीच्या भावा-बहिणींची लेखी संमती आधी घ्या. वाटणीच्या भांडणात अडकलेल्या घरांत मेडलही कपाटाच्या किल्लीसारखं अडकतं. माहिती अधिकारात दुसऱ्याच्या सेवेची माहिती सहज देत नाहीत, म्हणून त्या अर्जालाही मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा.

आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली मेडलं, म्हणजे बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, हा वेगळा विषय. रेकॉर्ड त्याच रेजिमेंटकडे शोधायचं, पण नवीन धातूचं मेडल मिळेल अशी आशा धरू नका. सेवेचा उतारा मिळाला तरी पुष्कळ झालं.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

तीन महिने वाट पाहा, मग जुन्या अर्जाची प्रत लावून स्मरणपत्र द्या. तरी शांतता असेल तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर संरक्षण मंत्रालयाच्या नावे तक्रार नोंदवा. तिथे क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला मुदतीत उत्तर नाही आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथलाही निकाल पटला नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

नकार आला तर आधी कारण वाचा. "मूळ युनिटकडून दावा आला नाही" हे कारण असेल तर तो नकार नव्हे, युनिटला लिहा म्हणून दिलेली सूचना आहे. पलटणीच्या ॲडज्युटंटला पत्र टाका, प्रत रेकॉर्डला. "कालावधी पूर्ण होत नाही" म्हटलं असेल तर दिवस पुन्हा मोजा, सुट्टी आणि हॉस्पिटलचे दिवस त्यांनी कसे धरले ते पाहा. आणि हिशोब खरंच भरत नसेल तर तिथे थांबा. ज्याचा हक्क नाही त्या मेडलसाठी भांडण्यात वय घालवायचं नसतं.

हक्क पक्का असून दाद मिळत नसेल तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, आपल्यासाठी ते मुंबईला. आधी सैन्याकडे अर्ज-विनंती करून झालेली असावी लागते. अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. विनंतीवर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर झाला तर माफीचा अर्ज सोबत देता येतो, म्हाताऱ्या माणसाची किंवा विधवेची कारणं ऐकली जातात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागा. मात्र नुसत्या एका सेवा मेडलसाठी मुंबईच्या फेऱ्या करायच्या का, हा निर्णय घरात बसून, तब्येत बघून घ्या.

मेडल आल्यावर

मेडल आलं म्हणून डिस्चार्ज बुकाची नोंद विसरू नका. कधी मेडल येतं आणि बुक कोरंच राहतं, कधी उलटं होतं. पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि बुकात नोंद, सही, शिक्का तिन्ही आहेत ना ते पाहा.

मग मेडलची कड उजेडात धरून बघा. तिच्यावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. एखादा आकडा किंवा अक्षर चुकलं असेल तर सोनाराकडून घासून दुरुस्त करून घेऊ नका. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवा, चूक कळवणारं पत्र रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, आणि त्यांनी मागितल्यावरच मेडल विम्याच्या टपालाने परत करा.